दादांच्या गाडीतला आवाज

आवाज येत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण तो येतो की नाही यावरच आमच्या घरात भांडण चाललं होतं.

गाडी चालू करून जागेवर उभी ठेवली की बॉनेटखालून बारीक सूंऽऽ असं काहीतरी ऐकू यायचं. शिट्टी व्हायच्या आधी कुकरच्या कडेनं वाफ फुसफुसते, तसं. रेस केली की तो इंजिनाच्या घरघरीत बुडायचा आणि पाय काढला की परत वर यायचा. माझं नारायणगावात शिवणाचं दुकान आहे. दिवसभर मशीनच्या गलक्यात बसते, त्यामुळे कुठल्या मशीनला तेल हवंय आणि कुठलीचा पट्टा ढिला झालाय, हे मला पाठमोरी बसूनसुद्धा कळतं. असला आवाज कानावर पडला की त्याचं मूळ सापडेपर्यंत माझा पाय जागचा हलत नाही. नवरा याला खोड म्हणतो. म्हणू दे.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. मी माहेरी, पिंपरी पेंढारला निघाले होते आणि दादा मला घ्यायला आळेफाट्याला आले होते. वडलांना आम्ही दादा म्हणतो. पिशव्या मागे टाकून मी गाडीत बसते न बसते तोच म्हणाले, "बघ, अजून कशी पळतीय."

"दादा, इंजिनातनं हवा जातीय कुठंतरी."

"आं?"

"आवाज येतोय, आवाज."

"कसला आवाज? काय आवाज नाय. एकदम फस्टक्लास हाय गाडी."

मी विषय तिथंच सोडला. दादांच्या गाडीबद्दल वावगं बोलायचं म्हणजे त्यांच्या जावयाबद्दल बोलण्यापेक्षा अवघड. जावयाला ते स्वतःच नावं ठेवतात. तरुणपणी दादा टेम्पोवर होते. आहुप्याहून हिरडा भरून घाट उतरायचे. पुढे टेम्पो गेला, शेती वाढली, आणि ही जुनी डिझेलची गाडी आली. कांदा साठवायच्या बराखीला लागून पत्र्याचा आडोसा केलाय, तिथं ती उभी असते. रोज सकाळी दूध डेअरीला घालून आले की ओल्या फडक्यानं तिची काच पुसायची, हा त्यांचा नेम.

माझा भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याचं फोनवर एकच पालुपद असायचं, दादा, आता वय झालं, गाडी विकून टाका. त्यामुळे मी आवाजाचा विषय परत काढला तेव्हा दादांनी वेगळाच अर्थ लावला. त्यांना वाटलं, आम्ही बहीण-भावांनी मिळून गाडी काढायचा बेत केलाय, आणि हा आवाज हे आमचं निमित्त. आईला विचारलं, "आई, तुला येतोय ना ऐकू?" आई भाकरी थापत म्हणाली, "मला मेलीला गाडीतलं काय कळतंय."

त्या वेळी मला आईचा राग आला. सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला गेलो तेव्हा तो राग कुठल्या कुठे गेला.

दादांना शेळी बघायची होती. आई पुढे त्यांच्या शेजारी बसली होती, मी मागे. बाजारचा दिवस, रस्त्याला गर्दी. मागून बैलं भरलेला एक टेम्पो हॉर्न वाजवत आला. दादा रस्त्याच्या मधून तसेच चालले होते. टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. तेव्हा मी पाहिलं, आईनं उजव्या हातानं दादांच्या मांडीवर हळूच थापटलं. दादांनी आरशात बघितल्यासारखं केलं आणि गाडी डावीकडे घेतली. टेम्पो पुढे गेला. आईचा हात होता तिथंच राहिला. पुढे एक मोटारसायकलवाला आला, परत थाप. एसटी आली, परत थाप. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. बघायची गरज पडू नये इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

दादांना इंजिनातला आवाज ऐकू येत नव्हता, कारण त्यांना मागचा टेम्पोसुद्धा ऐकू येत नव्हता.

दुपारी आई बराखीत सडके कांदे निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. "कवापासनं चाललंय हे?"

काय ते तिनं विचारलं नाही. "झालं बरंच. आदी डावा कान गेला, मग दुसरा पन. पार नाय गेला. समोर बसून बोललं की कळतं त्यांला."

"आन तू मांडीवर थापटत गाडी चालवतीस."

"मी चालवते व्हय? मी नुसतं सांगते."

"त्यांना म्हणायचं ना, कान दाखवा म्हणून."

"म्हनले व्हते एकदा. चार दिवस बोलले नायत माझ्याशी." तिनं एक कांदा दाबून बघितला आणि बाजूला फेकला. "ऐकू येत नाय म्हनलं की तुमी गाडी काढून घेनार. गाडी काढली की ते घरात बसनार. आन हा मानूस घरात बसला की काय व्हतं ते मला ठावं हाय. त्यापरीस मी हाय की शेजारी."

हे ऐकून मला तिची दयाही आली आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. कारण त्याच आठवड्यात दादा तिला घेऊन आहुप्याला जाणार होते. तिकडं त्यांचे हिरड्याच्या दिवसांतले एक दोस्त आहेत. भाताची कापणी झाली की दादा दरवर्षी नवा तांदूळ आणायला जातात, आणि ही गोष्ट ते कुणाच्या बापासाठी चुकवत नाहीत. वळणावळणाचा घाट, समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न हाच काय तो आधार. तिथं मांडीवरच्या थापेनं काय होणार होतं? समोरची गाडी वळणावर दिसेपर्यंत आईलाही कुठं थापटायला वेळ मिळणार होता?

मी ठरवलं, आधी तो आवाज शोधायचा. तो खरा आहे हे दादांना एकदा मान्य करावं लागलं की पुढचा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडेल. ते रागावले तर रागावले. हट्ट मी त्यांच्याकडूनच उचललाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मोटारसायकलवर किटली घेऊन डेअरीला गेल्या गेल्या मी बॉनेट उघडलं. रात्रभर उभी राहिलेली गाडी गार होती. चालू केली तर आवाज लगेच हजर. म्हणजे पाणी तापून वाफ निसटत नव्हती. रेडिएटरच्या टाकीतलं पाणीही जागेवर होतं. एसीचं बटण बंद होतं, तरी आवाज. मग पट्ट्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. पट्टा वाजत असला तर पाण्यानं आवाज बदलतो, एवढं मशीनमुळे माहीत होतं. काही बदललं नाही.

मग आईला बोलावून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. उभ्या जन्मात ती त्या सीटवर बसली नव्हती. पदर आवळून, देवाच्या पाटावर बसावं तशी बसली.

"मधला ब्रेक दाब."

"गाडी पळाली मंजे?"

"न्हाई पळत. दाब."

तिनं दाबला. "लई कडक हाय गं हा." आणि आवाज बदलला. सूंऽऽ होता तो क्षणभर जाड झाला, मग परत बारीक. तिनं सोडला, परत दाबला. प्रत्येक वेळी तेच. ब्रेक हलका लागावा म्हणून इंजिन हवा ओढून घेतं, त्याची एक नळी ब्रेकपर्यंत जाते, हे मला आमच्या घरच्या गाडीच्या दुरुस्तीत कळलेलं होतं. ती नळी कुठंतरी फुटलेली असणार. म्हणजे दादा नुसत्या न ऐकणाऱ्या कानांनी नाही, तर अर्ध्या ब्रेकवर घाट उतरणार होते.

कापडाच्या ताग्याच्या आत पुठ्ठ्याचा नळा असतो. तसला एक मी आईला कपडे वाळत घालायला दिला होता. त्याचं एक टोक कानाला लावून दुसरं इंजिनावर फिरवत गेले. पुढे काही नाही. बॅटरीपाशी काही नाही. मागे, काचेखालच्या पत्र्याजवळ नळा नेला आणि कानात कुणी फुंकर मारल्यासारखा आवाज आला. पण डोळ्यांना काही दिसेना. तेल आणि धूळ बसून तिथलं सगळंच काळं झालं होतं, आणि हात घातला की कोपर अडकत होतं.

एवढ्यात दादा आले. उघडं बॉनेट, नळा घेतलेली मी आणि त्यांच्या सीटवर बसलेली आई, हे सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं. आई घाईघाईनं उतरली. दादांनी किटली खाली ठेवली आणि गाडी बंद केली.

"झाली का तपासनी? विकत घ्यायला गिऱ्हाईक बी आनलंय का?"

"दादा, ब्रेकच्या नळीतनं हवा जातीय. आवाज तिथनंच येतोय."

"आवाज, आवाज. मला कसा येत नाय?"

याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. आईनं माझ्याकडे असं बघितलं की ते मी गिळलं.

"उद्या आहुप्याला जायाचं मंजे जायाचं," दादा म्हणाले आणि त्यांनी बॉनेट आदळलं.

मी ते परत उघडलं. वडलांसमोर असं वागायची ती पहिलीच वेळ. "तुम्हाला ऐकू येत नसंल तर दाखवते," म्हणाले आणि घरात गेले. देवळीतली उदबत्ती पेटवून आणली. आई म्हणाली, "अगं, आज काय दसरा हाय का?" मी पाण्याची बादली जवळ ठेवली, डिझेल कुठं गळत नाही हे बघून घेतलं, आणि गाडी चालू केली.

उदबत्ती मागच्या पत्र्याकडे नेली. धूर सरळ वर चालला होता. दादा हाताची घडी घालून उभे होते, बघायचं नाही असं ठरवून बघत होते. उदबत्ती मी हळूहळू उजवीकडे सरकवत गेले, आणि एका जागी धूर वाकला. वर जायचं सोडून आडवा झाला आणि एका काळ्या नळीत शिरून नाहीसा झाला.

दादांची हाताची घडी सुटली. ते पुढे आले, माझ्या हातातून उदबत्ती घेतली आणि स्वतः धरली. धूर तिथंच आत जात होता. त्यांनी खिशातल्या फडक्यानं ती नळी पुसली. काळ्या नळीवर बारीक छिद्र दिसलं, फुटलेलं नाही, अगदी कारखान्यात पाडल्यासारखं गोल.

"ही तर ठिबकची नळी हाय," मी म्हणाले.

आमच्याकडे जे मोडतं ते ठिबकच्या नळीनं नीट होतं. फाटकाची बिजागरी, पाळण्याची दांडी, किटलीची मूठ. पावसाळ्यात बराखीतल्या उंदरांनी इंजिनातली रबरी नळी कुरतडली तेव्हा दादांनी टोमॅटोच्या जुन्या ठिबकचा तुकडा कापून बसवला होता. जाडी जमली, रंग जमला. पण ती नळी नेमकी आतच ड्रिपर असलेली होती, ठरावीक अंतरावर पाणी ठिबकायला छिद्र ठेवलेली.

"बघून लावली व्हती," दादा म्हणाले. आवाज उतरला होता त्यांचा. "एका बाजूनं अंगठा लावून तोंडानं वडून बघितली व्हती मी. हवा येत नव्हती."

ते खरंच असणार. आमच्या विहिरीच्या पाण्याला क्षार फार. छिद्र क्षारानं बुजलेलं असेल आणि इंजिनाच्या धगीनं पुढे मोकळं झालं असेल. मी तसं त्यांच्या तोंडासमोर उभं राहून मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण लक्ष धुराकडे होतं.

त्यांनी छिद्रावर बोट ठेवलं. धूर सरळ झाला. आमच्या कानांतलं सूंऽऽ थांबलं. बोट काढलं, धूर वाकला. आवाज चालू. त्यांनी परत बोट ठेवलं, आणि धुराकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आता येतोय?"

"न्हाई."

बोट काढलं. "आता?"

"येतोय."

हे त्यांनी किती वेळा केलं कुणास ठाऊक. आधी मला जिंकल्याचा आनंद होत होता. मग तो ओसरला आणि नुसतं रडू यायला लागलं. त्या माणसाला बोटाखालचा आवाज दुसऱ्याच्या तोंडावर वाचावा लागत होता. शेवटी ते आईकडे वळले.

"तुला येतोय का ऐकू?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "येतोय."

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आदीपासनं."

दादांनी गाडी बंद केली, उदबत्ती मातीत विझवली आणि हात धुवून गोठ्याकडे निघून गेले. मी खरं तेच केलं होतं, आणि तरीही दिवसभर मला अपराध्यासारखं वाटत राहिलं.

सकाळी उठून बाहेर आले तर दादा बॉनेटमध्ये वाकलेले. सायकलच्या ट्यूबची पट्टी छिद्रावर आवळून बांधत होते. मला बघून त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि पुढे केली.

"नळी आनायला आळेफाट्यापातूर तू घे. ब्रेक कडक हाय, आंतर ठेवून चालव. आईला बी घे, मागनं तसंच आहुप्याला जाऊ."

आळेफाट्याला गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. मालकाचे आजोबा मारवाडातून आलेले, पण हा आमच्यापेक्षा गावरान बोलतो. दादांनी दारातच गाडीतून काढलेला तुकडा काउंटरवर ठेवला. त्यानं तो फिरवून बघितला आणि हसला. "पावणं, ब्रेक लावायचाय का टमाट्याला पानी सोडायचंय?"

मी हसले, दुकानातली दोन माणसं हसली, आणि मग दादा हसले. सगळ्यांच्या मागून, आमच्याकडे बघत. अशा हसण्यातला अर्थ मला आजवर कळलाच नव्हता.

नवी रबरी नळी आणि दोन क्लिपा घेतल्या. दादांनी दुकानासमोरच, रस्त्याच्या कडेला, स्वतःच्या हातानं ती बसवली. क्लिपा आवळल्या, हिसका देऊन बघितलं, आणि मला गाडी चालू करायला सांगितलं. ब्रेकवर पाय ठेवला तर तो लोण्यासारखा आत गेला. दादा बॉनेटच्या कडेला उभे राहून काचेतून माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. त्यांनी बॉनेट लावलं, डावीकडचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसले. आई मागे.

नारायणगाव गेलं. माझं बंद दुकान दिसलं. बॉनेटखालून नुसत्या इंजिनाची घरघर येत होती आणि ती गोड लागत होती. मंचर जवळ आलं तेव्हा दादा समोर बघतच म्हणाले, "हितं कानाचा डाक्टर हाय मनतात."

"हाय," मी मोठ्यानं म्हणाले. "दुपारपर्यंत बसतो."

"मग आदी तिकडं वळव. तांदूळ काय, सांजंपर्यंत मिळतोय."

थोडं अंतर गेल्यावर ते परत बोलले, यावेळी आईला. "हे गाडीचं झालं. आनखी काय काय ऐकू आलं नाय मला?"

आई खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत हळू आवाजात, जणू बाहेरच्या उसाशी बोलावं तसं म्हणाली, "माझ्या हाका. सांजच्याला दारातनं मारायची. तुमी बघायचाच नाय. मला वाटायचं, आता ह्यांला माझी हाक नको झालीय. मग कळलं. तवापासनं बांधापातूर चालत येते बोलवायला."

हे मला ऐकू आलं. दादांना आलं नाही. तिचे ओठ हलल्याचं मात्र त्यांनी आरशात बघितलं असावं, कारण पट्टा सोडून ते सीटवर पूर्ण मागे वळले.

"परत बोल," ते म्हणाले. "हिकडं बघून."

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आईनं खिडकीवरून नजर काढली, त्यांच्याकडे बघितलं, आणि सगळं पहिल्यापासून मोठ्यानं सांगितलं.